आईचा टीव्ही



ऑक्टोबर म्हणजे जपमाळेचा महिना. त्या संध्याकाळी गल्लीतली जपमाळ आमच्या घरी होती. खुर्च्या मांडता मांडता टीव्ही बंद करायला गेलो, तर पडदा काळाठिक्कर आणि आवाज मात्र चालू.

"आई, हा असा कधीपासून?"

"झाले असतील आठ दिवस," आई म्हणाली.

आमची आई ८१ वर्षांची. (आम्हा दोघांपैकी एकाची आई, दुसरीची सासू; पण आता तो फरक उरलेला नाही.) मांडीचं हाड मोडल्यापासून तिला चर्चच्या पायऱ्या चढवत नाहीत. केबलवरची सकाळची मिस्सा हीच तिची मिस्सा. आठ दिवस ती डोक्यावर पदर घेऊन, उभं राहायच्या वेळी वॉकर धरून उभी राहत, त्या काळ्या काचेसमोर मिस्सा ऐकत होती. आणि आम्ही? रविवारी कोण वाचन करणार, कुठल्या आजाऱ्याला भेटायचं, याच्या याद्या आम्ही ठेवतो. त्याच खोलीत चहा पिताना आमच्या दोघांच्या माना मोबाईलवर खाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"ऐकू येत होतं की. आणि परवा औषधांच्या बिलावरून तुमचं चाललेलं मला तेही ऐकू आलं."

त्या दिवशीच्या जपमाळेतली रहस्यं कोणती होती, ते आम्हाला आठवत नाही.

रात्री पुण्याच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, नवाच घ्या, पैसे मी पाठवतो. त्याचंही खरं होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला होता, वर दिवाळीची सूट. त्रेचाळीस इंचीची किंमत दुकानदाराने तेवीस हजार सांगितली. आमचा चाळीस इंची २०१४ सालचा. अकरा वर्षांच्या वस्तूवर पैसे घालावेत का? आम्हाला मोठा पडदा हवासा वाटत होता, हेही कबूल करतो. 'आईसाठी' म्हणत म्हणत आम्ही क्रिकेटच्या मॅचचाही विचार करत होतो.

दुसऱ्या दिवशी शहापुरातल्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने खोलीतला दिवा मालवला, टीव्ही सुरू केला आणि मोबाईलची बॅटरी पडद्याजवळ तिरकी धरली. त्या उजेडात पुसट माणसं हलताना दिसली. म्हणजे चित्र होतं, त्यामागचा उजेड गेला होता.

"आवाज यायलाय न्हवं, चित्र बी हाय. मग मशीन जिवंत हाय की, मावशी," तो आईला म्हणाला.

पडद्यामागे एलईडींच्या पट्ट्या असतात. त्यातले दिवे एका माळेत जोडलेले, त्यामुळे एक गेला की कधी कधी सगळाच अंधार होतो. एकच पट्टी बदलली तर बाकीच्या जुन्या पुढेमागे जातात, म्हणून संचच बदलावा लागतो. खर्च बावीसशे, तीन महिन्यांची हमी. मात्र पट्ट्यांपर्यंत पोचायला काचेचा पॅनेल उचलावा लागतो. तो तडकला तर टीव्ही भंगारात, कारण सगळ्यात महाग भाग तोच. हे त्याने आधीच सांगितलं, ते आम्हाला आवडलं.

दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीपर्यंत गेली तर नवा घ्यावा, असं आम्ही मानत आलो आहोत. इथे तर दहावा हिस्साही नव्हता. तरी आमचं ठरेना. शेवटी आईने रिमोट हातात घेतला. "याची बटणं मला अंधारातही सापडतात. नव्याचं मला जमायचं नाही. मग दर वेळी तुम्हाला हाक मारावी लागेल." आणि आपण हाक मारत नाही, हे तिने आठ दिवसांत दाखवून दिलंच होतं.

लूकच्या तेराव्या अध्यायातला माळी आठवला. अंजिराचं झाड तोडा म्हणणाऱ्या मालकाकडे तो एका वर्षाची मुदत मागतो, पण नुसती मुदत नाही. भोवती खणायचं, खत घालायचं, हे काम तो स्वतःच्या अंगावर घेतो. आम्ही आजवर मुदतच तेवढी लक्षात ठेवली होती, खणणं विसरलो होतो.

बावीसशे दिले. पॅनेल उचलताना आम्ही दोघं श्वास रोखून उभे होतो. आई मात्र त्याला चहा विचारत होती. जाताना तो पडद्याची चमक कमी करून गेला. भडक ठेवली की पट्ट्या लवकर जळतात म्हणाला.

माळ्यावर आमचा त्याआधीचा डबा टीव्ही अजून पडून आहे. त्याच्या काचेत शिसं असतं, तांब्यासाठी भंगारवाला ती फोडतो, म्हणून दिला नाही. ई-कचरा रीतसर घेणाऱ्याकडे न्यायचा, असं दर वर्षी म्हणतो. या दिवाळीत तरी दुसरा त्याच्या शेजारी गेला नाही.

दुरुस्तीनंतर रंग थोडा निळसर झाला आहे. पहिल्याच सकाळी आम्ही दोघंही तिच्याशेजारी मिस्सेला बसलो, मोबाईल स्वयंपाकघरात ठेवून. प्रवचन चालू असताना आई हळूच म्हणाली, "फादर निळे दिसतात रे. बीपीची गोळी घेतली असेल ना त्यांनी?"