थोड्यांचे केंद्र

कोलोन या जर्मन शहराची आपल्या घरांना ओळख आहे ती तापात कपाळावर ठेवायच्या पट्ट्यांपुरती. 'कोलन वॉटर'ची बाटली मूळ ज्या गावची, त्याच गावच्या एका नभोवाणी केंद्राने अलीकडे माझ्या मनात घर केले आहे. नाव साधेच, 'डब्ल्यूडीआर ३'. म्हणजे पश्चिम जर्मन नभोवाणीचा तिसरा कार्यक्रम. १९६४ साली तो सुरू झाला. अभिजात संगीत, श्रुतिका, वाङ्मयचर्चा असा त्याचा संसार. जाहिरातवाल्याने दारातूनच परत फिरावे असा!

या संसाराच्या मागे मोठे दुःख आहे. या नभोवाणीचे मूळ १९२४ सालचे. प्रथम म्युन्स्टर, मग कोलोन. एर्न्स्ट हार्ट नावाचा नाटककार तिचा प्रमुख होता. १९३३ साली नाझी आले आणि त्याला घरी बसवण्यात आले. त्याच वर्षी शहात्तर मार्कांचा 'जनतेचा रेडिओ' बाजारात आला. त्याच्या नावात ३०१ हा आकडा होता, कारण हिटलर ३० जानेवारीला, म्हणजे पहिल्या महिन्याच्या तीस तारखेला, सत्तेवर आला होता. रेडिओ घरोघरी गेला, पण बोलणारा तोंडवळा एकच. १९३९ पासून तर परदेशी केंद्र ऐकणे हाच गुन्हा ठरला.

युद्ध संपल्यावर कोलोन ब्रिटिशांच्या ताब्यातील भागात आले. कादंबरीकार ग्रॅहम ग्रीनचा भाऊ ह्यू ग्रीन याने १९४६ ते १९४८ या काळात हॅम्बर्गला बसून तिथल्या नभोवाणीची घडी बसवली. नभोवाणी सरकारची नको, पक्षाची नको आणि व्यापाऱ्याचीही नको, असा बीबीसीचा धडा त्याने गिरवून घेतला. पुढे ती संस्था दुभंगली आणि १९५६ पासून कोलोनने स्वतःचा संसार थाटला. जर्मनीत प्रांतोप्रांती वेगळ्या नभोवाणी संस्था का, याचे उत्तर इथे आहे. साऱ्या देशाचा कान पुन्हा एका मुठीत जाऊ नये म्हणून! १९६१ साली चॅन्सेलर आडेनाउअर यांनी केंद्राच्या हाताखाली दूरचित्रवाणी काढू पाहिली, तेव्हा तिथल्या घटना न्यायालयाने त्यांनाही थोपवले.

आणखी एक गंमत. १९४८ साली कोपनहेगन येथे मध्यम लहरींची वाटणी झाली आणि हरलेल्या जर्मनीच्या पानात अगदी थोडे पडले. मग त्यांनी अतिलघुलहरींची कास धरली. तिथे जागा मुबलक निघाली, आणि दुसऱ्या-तिसऱ्या कार्यक्रमाची सोय झाली. पंक्तीत कमी वाढल्यामुळे कुणी घरी नवी चूल मांडावी, तसेच हे झाले.

कोलोनच्या या नभोवाणीने १९५१ साली इलेक्ट्रॉनिक संगीताची प्रयोगशाळा काढली. तिथे स्टॉकहाउझेनने एका मुलाचा आवाज आणि यंत्रांचे स्वर एकत्र विणून १९५६ साली एक रचना सादर केली. मी ती घरी लावली, तेव्हा सौभाग्यवतींनी आतून विचारले, "मिक्सर बिघडला का हो?" मलाही ती गोड वाटली असे नाही. पण ती कुणालाही करू द्यावीशी वाटली, याचा मला हेवा वाटला.

तिथे या साऱ्याचा खर्च लोकांच्या वर्गणीतून होतो. २०१३ पासून ती प्रत्येक घरामागे घेतली जाते, तुम्ही ऐका वा न ऐका. माझा भाचा हिशेबात पक्का. तो म्हणतो, "मामा, ऐकणारे मूठभर आणि पैसे सगळ्यांचे, हा कुठला न्याय?" प्रश्न खोटा नाही. कोलोनमध्येही तो वारंवार उठतो. २०१२ साली या केंद्राचे कार्यक्रम कमी होऊ लागले, तेव्हा हजारो श्रोत्यांनी सह्या करून विरोध केला.

भाच्याला उत्तर द्यायला मला जर्मनीपर्यंत जावे लागत नाही. माझे वडील कारकून. बैठकीचे तिकीट काढणे त्यांच्या पगारात बसत नसे आणि रागांची नावेही त्यांना ठाऊक नव्हती. १९५२ साली आकाशवाणीची राष्ट्रीय संगीत सभा सुरू झाली. पुढे कधीतरी एका शनिवारी रात्री सुई फिरवताना ती त्यांच्या कानी पडली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. मग दर शनिवारी ते दिवा मालवून रेडिओपाशी बसू लागले. त्या रात्रीपर्यंत ते 'मूठभरां'त नव्हते. कुणी आधी मोजदाद केली असती, तर त्यांचे नाव कुठल्याच वहीत सापडले नसते.

मूठभरांची संख्या मोजून केंद्र चालवायचे म्हटले, तर आज ऐकतात तेवढेच मोजता येतात. उद्या सुई फिरवताना ज्याचा हात थांबणार, त्याचे काय? भाचा म्हणतो, "हे काही हिशेबात बसत नाही." मी म्हणतो, "बसत नाही, म्हणून तर वर्गणी सगळ्यांनी द्यायची."