दरसालची वर्गणी

काही वर्षांपूर्वी सम्मेदशिखरजीच्या यात्रेस जाताना आम्ही काशीत दोन दिवस थांबलो होतो. भेलूपूर येथे भगवान पार्श्वनाथांच्या जन्मस्थानाचे दर्शन झाल्यावर दुपार मोकळी होती. सौभाग्यवतींच्या आग्रहावरून काशी हिंदू विद्यापीठातील भारत कला भवन पाहावयास गेलो. राय कृष्णदास यांच्या पुढाकाराने १९२० साली सुरू झालेला हा संग्रह १९५० मध्ये विद्यापीठाकडे आला. आयुष्यभर खतावण्या तपासलेला मी तेथील लघुचित्रांपुढे तासभर खिळून राहिलो. दिवे इतके मंद का, असे विचारले असता तेथील कर्मचारी म्हणाला, "प्रखर उजेडाने रंग विटतात, आणि ओल लागली की कागदावर बुरशी येते. रोज लक्ष ठेवावे लागते."

'रोज' हा शब्द ऐकून मनात एक जुनी गोष्ट सलली. मी नोकरीत असताना एक वृद्ध प्राध्यापक जुन्या पोथ्या व चित्रांच्या एका लहानशा संग्रहासाठी पावतीपुस्तक घेऊन घरी आले होते. वार्षिक सभासदत्व होते दोनशे रुपये. मी ऐटीत म्हणालो, "सर, इमारत बांधाल तेव्हा या. एखाद्या खोलीस वडिलांचे नाव देऊ." ते शांतपणे म्हणाले, "खोली आहे, साहेब. कपाटात घालायच्या औषधाला पैसे नाहीत." चहा घेऊन ते गेले, ते पुन्हा आले नाहीत. निवृत्तीनंतर घर आवरताना माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या हातची पोथी सापडली. कसरीने तिची निम्मी पाने चाळणी केली होती. पोथी जपण्याची अक्कल मला नव्हती आणि ज्यांना ती होती, त्यांना मी रिकाम्या हाताने परत पाठवले होते.

आपण व्यापारी माणसे. इमारत हा भांडवली खर्च असतो आणि निगराणी हा महसुली, हे आपणांस कोणी सांगावयास नको. दुकान बांधून वीजबिल न भरणाऱ्यास आपण शहाणा म्हणणार नाही. देणगी देताना मात्र आपण नेमके तेच करतो. पाटी लागेल तेथे हात सैल सुटतो आणि दरसालची वर्गणी मागणाऱ्यास 'पाहू' म्हणतो.

वास्तविक आपल्या सोलापुरात याहून वेगळा धडा आहे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी १९४१ साली गजपंथ येथे विद्वानांना एकत्र करून जैन संस्कृती संरक्षक संघाची स्थापना केली व तीस हजार रुपये दिले. १९४३ मध्ये 'तिलोयपण्णत्ती' हा ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ निघाला. एकदा देऊन ते थांबले नाहीत. १९४४ साली सुमारे दोन लाखांची आपली सारी संपत्ती त्यांनी संघाला विश्वस्त निधी म्हणून अर्पण केली. कार्य आरंभणे आणि कार्य चालू राहील अशी तजवीज करणे, ही दोन्ही कर्तव्ये त्यांनी ओळखली होती. आपणा सर्वांना सर्वस्व देणे शक्य नाही. वर्गणी देणे मात्र शक्य आहे.

आहार, औषध, शास्त्र व अभय या चार दानांपैकी शास्त्रदानाचा विचार केला, तर जुनी पोथी, पट किंवा चित्र जपणे हे त्याच्या अगदी निकटचे आहे. विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या कलादालनात तर ते विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर राहते. हिशेबाची एक गोष्टही सांगून ठेवतो. देणगीवरील प्राप्तिकराची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, दोन हजारांहून अधिक रोख देणगीस ती मिळत नाही, आणि संस्थेस तशी मान्यता असावी लागते. म्हणून धनादेश द्यावा, पावती घ्यावी. पण वजावट मिळत नाही म्हणून हात आखडू नये.

मी आता अशा दोन ठिकाणांचा सभासद आहे. रक्कम लहान आहे, पण बँकेस कायमची सूचना दिलेली असल्याने ती दरवर्षी न मागता जाते. त्या प्राध्यापकांना हे सांगावयाचे राहून गेले. येत्या दिवाळीस वहीपूजन कराल, तेव्हा नव्या वहीत या वर्गणीचे एक खाते उघडावे, एवढीच विनंती.