चोखोबा अभंग कधी रचतो?

संतांवरची मालिका लिहायला घेतली तेव्हा मी मोठ्या फुशारकीनं सांगायचो की, आमच्याकडे सगळे आहेत. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी, जनाबाई, चोखामेळा. अठरापगड जातींची पात्रं घेतली की काम झालं, असं मी धरून चाललो.

नायक नामदेव. त्यामुळे प्रत्येक सीन त्यांच्या मोठेपणापाशी येऊन संपायचा. गावानं चोखोबाला हिणवायचं, त्यानं हात जोडायचे, नामदेवांनी त्याला उराशी धरायचं. हा ट्रॅक चालतोय म्हटल्यावर मी तोच घोळवत राहिलो. चोखोबाच्या तोंडी ‘जी मायबाप’खेरीज फारसं काही उरलं नाही. ती भूमिका करणारा नट गोरा, म्हणून त्याला रोज गडद रंग फासत. मी हरकत घेतली नाही. एकदा त्यानंच विचारलं, “सर, हा अभंग कधी रचतो?” “येईल पुढे,” म्हणून मी वेळ मारून नेली. तो सीन मी कधीच लिहिला नाही.

सामग्री हाताशी होती. चोखोबा, बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा असे एकाच गोतावळ्यातले पाच जण अभंग रचणारे. सोयराबाई विटाळाच्या कल्पनेचीच उलटतपासणी घेते. कर्ममेळा आपल्या जातीचा जाब थेट विठ्ठलाला विचारतो. माझी सोयराबाई मात्र भाकरी थापत होती आणि कर्ममेळा रडत होता. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेला आणि नामदेवांनी त्याच्या अस्थी पंढरपूरला आणल्या, असं परंपरा सांगते. त्या एपिसोडचे सगळे क्लोज-अप मी नामदेवांसाठी लिहिले. सोयराबाईच्या वाट्याला एक हुंदका आला.

चॅनलनं अडवलं असं म्हणायचीही सोय नाही. मी विचारलंच नव्हतं. ‘प्रेक्षकांना हेच लागतं’ ही सबबही टिकत नाही. प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’मध्ये तुकारामांची बायको जिजाई भांडते, विठोबावर वहाण उगारते आणि तिचं म्हणणं आपल्याला पटतंही. तो चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला.

पुढच्या कामात मी दुसरं टोक गाठलं. वंचित समाजातला संत इतका निर्दोष केला की त्याला ना राग, ना थट्टा, ना बायकोशी कुरबूर. एका तरुण लेखिकेला मसुदा दाखवला. ती म्हणाली, “आमच्या घरात असं कुणी बोलत नाही.” इतकी वर्षं कथेच्या बैठकीला त्या घरांतलं कुणी नसायचं, हे मला तेव्हा कुठे खटकलं.

आता सीन झाला की नायकाला वगळून वाचतो. उरलेल्यांना एकमेकांशी बोलायला काही नसेल, तर सीन पुन्हा लिहितो. आणि लेखकांमध्ये त्या घरातलं कुणी असणार का, हे करारावर सही करण्याआधी विचारतो. त्यापायी एक काम हातचं गेलं.