हेड उतरवल्यावर

“गाडी ऑईल खायलालीय, सर.”

मिस्त्रीनं डिपस्टिक पुसली, बुडवली, पुन्हा वर काढली. टोकाला जेमतेम ओल. हा माझा जुना विद्यार्थी. गणितात कच्चा होता. आता माझाच हिशेब मांडत होता. गाडी चालू ठेवून त्यानं ऑईलचं झाकण काढलं, तर आतून भक्भक् धूर. सायलेन्सरमागेही निळसर पट्टा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, पांढरा म्हणजे पाणी जळतंय, निळा म्हणजे ऑईल. एवढं ज्ञान मलाही एव्हाना झालं होतं, कारण सकाळी गाडी सुरू केली की शेजारच्या काकू वाळत घातलेले कपडे काही न बोलता आत नेत.

दोष माझाच. मे महिन्यात 43 अंशांच्या उन्हात तुळजापूरला निघालो होतो. घाट चढताना काटा लाल रेघेला टेकला, तरी ‘आता आलंच की देऊळ’ म्हणत गाडी रेटली. रेडिएटरमध्ये कित्येक वर्षं बोअरचं पाणी. सोलापुरात उजनीचं पाणी नळाला रोज कुठे येतं? आलेलं प्यायला राखायचं, गाडीला बोअरचं. त्या पाण्याचा चुना बंबाला आतून कसा धरतो ते मी लहानपणापासून पाहत आलोय. तोच चुना रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसत असणार, हे मात्र शाळेत तीस वर्षं विज्ञान-गणित शिकवून सुचलं नाही.

पुण्याहून मुलाचा फोन आला. “बाबा, विका ती आता. वीस वर्षं होत आली.” त्याचंही खरं. 2022 मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा फेरनोंदणीचं शुल्क नेमकं 600 वरून 5,000 झालं होतं. आता विशी ओलांडलेल्या गाडीला 10,000. बाजारात गाडीला पस्तीस हजार कुणी दिले तर नशीब. मिस्त्रीनं खर्चाचे आकडे सांगितले: हाफ इंजिन केलं तर अठरा हजार, फुल केलं तर तीसच्या पुढे. भंगारातल्या गाडीचं चालू इंजिन आणून बसवायचं तर बावीस.

“मग बदलूनच टाकूया,” मी म्हणालो.

“त्याच्या आत काय झालंय ते कुणाला ठावं, सर? तुमचं निदान तुमच्या हातनं तरी बिघडलंय.”

पहिल्या दिवशी त्यानं फक्त प्लग काढून कॉम्प्रेशन पाहिलं. दोन सिलिंडर ठीक, तिसरा निम्म्याच्या जरा वर. मग तिसऱ्यात चमचाभर ऑईल सोडलं आणि पुन्हा मोजलं. काटा चढला. ऑईलनं फट बुजून दाब वाढला म्हणजे रिंगा गेल्या. वाढला नसता तर व्हॉल्व्ह. इतकी देखणी परीक्षा मी आयुष्यात एकही काढली नाही.

पण रिंगा गेल्या म्हणजे नेमकं किती गेलं, हे हेड उतरवल्याशिवाय कळत नाही, आणि सगळी गोम इथंच आहे. उघडल्याशिवाय ठरवता येत नाही, आणि उघडलं की अर्धं ठरलेलंच असतं. कारण नुसतं परत बंद करायलाही गॅसकेट लागतं, मजुरी लागते. म्हणून माणसं बाहेरूनच आवाज ऐकतात, मान हलवतात आणि विकून मोकळी होतात.

या गावाला हे नवं नाही. 1870 च्या दशकात उभी राहिलेली जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू ही नावं आता रिक्षावाल्याला पत्ता सांगायला उरली. चालवावं की मोडीत काढावं हा प्रश्न तिथेही कुणीतरी टेबलावर घेतला असेलच. हेड उतरवून पाहिलं होतं का, असं मला अजून विचारावंसं वाटतं. उलट पूर्व भागात जा. यंत्रमागाची मोटर जळाली म्हणून कुणी माग विकत नाही. मोटर रिवाइंडिंगला जाते आणि टॉवेल पुन्हा सुरू.

हेड उतरलं. वरचं कव्हर काढल्यावर कॅमशाफ्ट दिसला, अंड्यासारखे उंचवटे असलेला, तेलानं चकचकीत. यातलं फारसं काही झिजलं नव्हतं. कॅमशाफ्ट सोलापुरात बनतात, 1992 पासून, आणि परदेशी गाड्यांच्या इंजिनांतही जाऊन बसतात. आमची पोरं पुण्याला जातात, कॅमशाफ्ट त्याच्याही पुढे. मिस्त्रीला म्हटलं, हाही आपल्याच गावचा असेल का? तो म्हणाला, “असंल की. म्हणून तर टिकलाय.” गावाभिमानाला पुरावा लागत नाही.

तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर मात्र उभे ओरखडे होते. नखाला लागत होते. तापलेला पिस्टन फुगून भिंतीला घासला होता, तुळजापूरच्या घाटातच. ब्लॉक लेथवर गेला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं गेज आत सोडून तीन ठिकाणी मोजलं आणि पन्नासची साइझ सांगितली, म्हणजे बोअर अर्धा मिलिमीटर मोठा करायचा आणि तसेच मोठे पिस्टन घालायचे. एकच बिघडलाय तर तिन्ही कशाला, असं मी विचारलं. वजनात फरक पडला तर गाडी थरथरते, म्हणाला.

बोअरिंग झाल्यावर त्यानं होनिंगचे दगड आत फिरवले, वर-खाली, गोल-गोल. मग बॅटरी धरून मला आत बघायला लावलं. भिंतीवर दोन दिशांनी तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा उमटल्या होत्या. मला वाटलं, भिंत गुळगुळीत आरशासारखी हवी. “आरसा झाला तर ऑईल ठरत नाही,” तो म्हणाला. “या रेघांत ऑईल धरून राहतं.” मी पाहत राहिलो. आमच्या चादरीचा ताणा-बाणा कुणीतरी बिडाच्या आत विणला होता.

शेवटी साडेएकोणीस हजार झाले. रेडिएटर साफ करण्याचे वेगळे. मुलाला सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, “एवढ्यात चांगला फोन आला असता.” ब्लॉक तोच राहिल्यामुळे इंजिन नंबर तोच, आरसी बुकात बदल करायला आरटीओत जावं लागलं नाही. पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या वर न्यायची नाही, अशी मिस्त्रीची सक्त ताकीद आहे. नव्या रिंगा भिंतीवर बसायला तेवढं लागतं. सध्या 640 झालेत. अक्कलकोट रस्त्यावर ट्रॅक्टरसुद्धा हॉर्न देऊन पुढे जातात.

तुमच्याकडेही बोअर असेल, तर ते पाणी झाडांना घाला, फरशी पुसा, काहीही करा. रेडिएटरमध्ये तेवढं ओतू नका.