गुरुजींचीही शाळा असते

मुलांनो, "बाई दोन दिवस ट्रेनिंगला गेल्यात" असं कळलं की वर्गात केवढा आनंद होतो, ते मला चांगलं ठाऊक आहे. पण त्या दोन दिवसांत तुमच्या बाई तिथं काय करतात, हा प्रश्न कधी पडलाय का तुम्हाला? त्या बाकावर बसतात. अगदी तुमच्यासारख्या! कुणी मागची रांग धरतं, कुणी शेजारणीशी कुजबुजतं, आणि चहाच्या सुट्टीनंतर निम्मे लोक उशिरा येतात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या प्राथमिक शिक्षकांच्या अशा प्रशिक्षणांना मी शिकवायला जाते, म्हणून हे गुपित मला माहीत.

एकदा चहानंतर उशिरा आलेल्या गुरुजींना मी विचारलं, "काय, अंगठे धरून उभं राहायचं का?" सगळे खो खो हसले. एक गुरुजी म्हणाले, "अहो मॅडम, चहाच कमी पडला. दुसरा करेपर्यंत थांबलो." मी म्हटलं, "बरोबर आहे. तुम्ही कारण सांगितलं, मी ऐकलं. आता बसा." हसणं हळूहळू थांबलं. त्या दिवशीचा आमचा विषयच तो होता : न मारता, न घाबरवता वर्ग कसा सांभाळायचा?

मी सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिकले. आमच्या वेळी निरगुडीचा फोक टेबलावरच असायचा, आणि तो मोडला की नवा आणायचं कामही आमच्यातल्याच कुणाकडे. शाळेच्या वाटेवर गवताच्या पात्याला गाठ मारून ठेवली की गुरुजी मारायला विसरतात, असा आमचा पक्का समज. वाटेवरच्या गवतात रोज कितीतरी गाठी दिसायच्या! गुरुजी मात्र काही विसरायचे नाहीत.

माझ्या शेजारच्या रांगेत एक मुलगा बसायचा. रोज उशिरा यायचा आणि रोज हातावर दोन छड्या खायचा. हात पुढं करायचा, मार घ्यायचा, जागेवर जाऊन बसायचा. आम्हा सगळ्यांना माहीत होतं, की तो सकाळी डेअरीवर दूध घालून, किटल्या घरी ठेवून मग शाळेत येतो. वडील आजारी होते. गुरुजींनी कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही, आणि सांगायचं धाडस आमच्यातही नव्हतं. चौथीच्या दिवाळीनंतर तो यायचाच बंद झाला. गणितात तो माझ्या पुढं होता. डेअरीवर पाव-अर्ध्या लिटरचे हिशेब करून करून त्याचे अपूर्णांक तोंडपाठ झाले होते!

आमचे गुरुजी दुष्ट नव्हते. सहलीत कुणाकडे डबा नसेल तर आपल्यातली भाकरी द्यायचे. त्यांनाही लहानपणी मार बसला होता, आणि पन्नास मुलांना गप्प बसवायचा दुसरा उपाय त्यांना कुणी शिकवलाच नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, "पण मारायला तर कायद्यानं बंदी आहे ना?" आहे. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ प्रमाणे मुलांना शारीरिक शिक्षा करायची नाही आणि मानसिक छळही करायचा नाही. या दुसऱ्या भागाकडे मोठ्या माणसांचं पटकन दुर्लक्ष होतं. "ढ", "मठ्ठ", "तुझ्या बापाला जमलं नाही, तुला काय जमणार" हेसुद्धा त्यात आलं. कित्येक वर्गांतून काठी गेली आणि तिचं काम जिभेनं घेतलं. मला विचाराल तर छडीचा वळ चार दिवसांत जातो, "ढ" हे नाव मात्र दहावीपर्यंत चिकटून राहतं.

कायदा "हे करू नका" असं सांगतो. पण मग काय करा? पाटण किंवा जावळीच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीची शाळा डोळ्यांसमोर आणा. पहिली ते चौथी, गुरुजी दोनच. म्हणजे एकाच गुरुजींकडे एकाच वेळी दोन वर्ग. पहिलीला अक्षरं शिकवावीत तर दुसरीत मारामारी सुरू! अशा वेळी नुसता नियम पाठ असून भागत नाही. त्यासाठी कसब लागतं आणि ते शिकावं लागतं. शिक्षकालाही शिकावं लागतं, ही गोष्ट आपल्या मुलुखाला काही नवी नाही. सातारा जिल्ह्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिका होण्याचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक घडवणारं विद्यालयही सुरू केलं.

तर आमच्या प्रशिक्षणात काय चालतं? सुरुवातीला मी सगळ्यांना कागद देते : "लहानपणी झालेली एक शिक्षा लिहा, आणि त्या दिवशी वर्गात काय शिकवलं तेही लिहा." शिक्षा सगळ्यांना आठवते. पेन्सिल बोटांत घालून दाबलेली, बाकावर उभं केलेलं. धड्याचा रकाना बहुतेकांचा कोराच राहतो. हे आपोआपच होतं. भीती वाटली की छाती धडधडते, हात गार पडतात आणि सगळं लक्ष छडीवर जातं. सात नव्वे त्रेसष्ट डोक्यात शिरायला जागाच उरत नाही.

मग बारीकसारीक युक्त्या. आरडाओरडा वाढला की त्याहून मोठ्यानं ओरडायचं नाही. टाळ्यांचा एक ताल वाजवायचा, मुलांनी तोच ताल परत वाजवायचा. तिसऱ्या टाळीला वर्ग शांत! वर्गाचे नियम जूनमध्ये मुलांनीच ठरवायचे आणि भिंतीवर लावायचे. पाणी सांडलं तर सांडणाऱ्यानं फडकं आणून पुसायचं. पाणी सांडल्याबद्दल वीस उठाबशा काढून फरशी कोरडी होत नाही. राग अनावर झाला तर दारापर्यंत चालत जायचं, बाहेरचं झाड बघायचं, मग परत यायचं. (हे शिकवताना शिक्षकांना हसू येतं. पण सगळ्यात जास्त उपयोगी हेच पडलं, असं नंतर तेच सांगतात.) आणि एक प्रयोग तर मला फार आवडतो. एका शिक्षकानं दुसऱ्याच्या वर्गात मागं बसायचं आणि मोजायचं : तासाभरात कुणाचं नाव रागानं घेतलं गेलं, कुणाचं कौतुकानं? बहुतेक वेळा रागाच्या रांगेत तीच ती तीन-चार नावं येतात. एक गुरुजी आपला कागद बघून बराच वेळ काही बोललेच नाहीत.

हे सगळं हवेतलं नाही. फलटणला १९८६ मध्ये 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा सुरू झाली. अमेरिकेतून येऊन फलटणकर झालेल्या मॅक्सीन बर्नसन, म्हणजे मुलांच्या मॅक्सीनमावशी, यांनी तिथं मुलांना धाक न दाखवता शिकवता येतं हे करून दाखवलं. पण ती झाली एक वेगळी शाळा. जिल्हा परिषदेच्या साध्या शाळांचं काय? २०१० नंतरच्या काही वर्षांत सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये तेही घडलं. (एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांचा गट म्हणजे बीट.) प्रतिभा भराडे तिथल्या विस्तार अधिकारी होत्या. मुलांच्या मनातली भीती आधी घालवायची, मगच शिकवणं, हा त्यांचा आग्रह. गुरुजी खुर्ची सोडून मुलांत खाली बसले. फरशीवर अक्षरं आणि आकडे रंगवले गेले, मणी, बिया, काड्या हातात आल्या. हात कामात असले की खोड्या आपोआप कमी होतात, हे आईलाही माहीत असतं! पुढं २०१५ मध्ये राज्यात 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला, त्या सुमारास गावोगावचे शिक्षक कुमठ्याच्या शाळा बघायला येत होते.

शिकवून खरंच फरक पडतो का, हे आफ्रिकेतल्या युगांडा देशात मोजूनही पाहिलंय. तिथं ४२ प्राथमिक शाळा निवडल्या. त्यांतल्या निम्म्या शाळांत दीड वर्ष शिक्षक आणि मुलं यांच्यासोबत असंच काम केलं, बाकीच्या शाळा होत्या तशाच ठेवल्या. मग मुलांना विचारलं, "मागच्या आठवड्यात शाळेतल्या मोठ्यांनी मारलं का?" होत्या तशा शाळांत शंभरातल्या ४९ मुलांनी हो म्हटलं, काम झालेल्या शाळांत ३१ मुलांनी. हा अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. एकतीससुद्धा पुष्कळच झाले, मला कबूल आहे. पण शंभरातल्या अठरा मुलांचा मार वाचला!

आता थोडं आई-बाबांसाठी. शिक्षक मला नेहमी सांगतात, "मॅडम, आम्ही काठी टाकलीय, पण पालकच म्हणतात, गुरुजी, डोळे सोडून कुठंही मारा, पण पोरगं शिकलं पाहिजे." कृपा करून असं म्हणू नका. मूल शेजारीच उभं असतं. उद्या त्याला कुणी मारलं, तर ते घरी येऊन सांगणार कुणाला?

आणि मुलांनो, तुम्हाला मारलं तर सांगा. घरी सांगा, मुख्याध्यापकांना सांगा. शाळा व्यवस्थापन समितीत तुमच्याच गावचे पालक असतात, त्यांना सांगा. कुणीच ऐकलं नाही, तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

पुढच्या महिन्यात मी जत तालुक्यात जाणार आहे. तिकडच्या कितीतरी मुलांच्या घरी कन्नड बोलतात. पहिलीतलं पोर मराठीत विचारलेल्या प्रश्नाला गप्प बसलं की ते हट्टी आहे असं वाटू शकतं, आणि बिचाऱ्याला प्रश्नच कळलेला नसतो! ऊसतोडीच्या हंगामात लांबून आलेली, अर्ध्या वर्षातच वर्गात बसलेली मुलंही अशीच गप्प असतात. त्यांच्याशी पहिल्या दिवशी काय बोलायचं, यावर तिथं दोन तास ठेवलेत. तुमच्या वर्गात असं कुणी नवीन आलं असेल तर ते कशानं बोलायला लागलं, ते मला पोस्टकार्डावर लिहून कळवा. जतच्या गुरुजींना मी ती पत्रं वाचून दाखवीन.