उंबरठा ते तलावाचा काठ

पोहण्याच्या लाभांविषयी आपण पुष्कळ वाचले असेल. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले की पायांवरचा भार जवळपास निम्मा होतो, गळ्याइतक्या पाण्यात तर तो सुमारे दहावा हिस्साच उरतो; म्हणून गुडघे झिजलेल्यांना पाण्यातला व्यायाम सोसतो. हे सारे खरे आहे. परंतु साठीनंतर ज्यांनी हौसेने तलावाचा पास काढला आणि ज्यांचा तो पाकिटातच मुदत संपून गेला, त्यांची अडचण पाण्यात नव्हतीच. ती घराचा उंबरठा आणि तलावाचा काठ यांच्या दरम्यान होती.

मी 68 वर्षांची आहे, पुण्यात राहते. चार वर्षांपूर्वी यजमानांना पक्षाघात झाला. त्यांची उजवी बाजू अद्याप पुरती साथ देत नाही. त्यांना उठवणे, कुशीवर वळवणे, खुर्चीत बसवणे यासाठी माझी पाठ आणि दंड शाबूत राहिले पाहिजेत. म्हणून पोहणे ही माझी चैन नाही, हे प्रथम सांगते. कारण ती चैन आहे असे मानणारे पुष्कळ भेटतात.

गेल्या वर्षी मी एका वहीत तलावावर न गेलेल्या दिवसांची कारणे टिपू लागले. वही चाळता गुडघेदुखी क्वचितच आढळते. गॅसचा सिलिंडर येणार होता. विसर्जनाच्या मिरवणुकीमुळे रस्ते बंद होते. टोपी फाटली. पाणीकपातीमुळे तलावच बंद. आणि सर्वाधिक वेळा एकच नोंद: मावशींना उशीर. यजमानांजवळ बसणाऱ्या मावशी साडेआठला येतात, स्त्रियांची वेळ नऊ ते दहा. त्यांच्या वस्तीत नळाला पाणी उशिरा आले की त्या नऊ वाजून गेल्यावर पोहोचतात, आणि इकडे माझे पोहणे बुडते. त्यांना बोल तरी कसा लावावा? यातले एकही कारण डॉक्टरांना सांगण्याजोगे नाही, म्हणून ते कुणी विचारतही नाही.

एक कारण मात्र वहीतही लिहायला मला संकोच वाटला. शरीर पाण्यात बुडाले की मूत्रपिंडे नेहमीपेक्षा अधिक लघवी तयार करतात. हा शरीराचा स्वाभाविक धर्म आहे. त्यात रक्तदाबासाठी सकाळी लघवी वाढवणारी गोळी घेतलेली असेल, तर अर्ध्या तासात बाहेर यावे लागते. ओल्या कपड्यांनिशी, ओल्या फरशीवरून, घाईघाईने. पडण्याचा धोका नेमका तेथे असतो. माझ्या परिचयाच्या एका बाईंनी एवढ्यासाठी पोहणे सोडले. दुसऱ्या सकाळपासून पाणीच पीत नसत, आणि ते अधिक वाईट. वास्तविक गोळीची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारता येते. उतरण्यापूर्वी शौचालयात जाऊन यावे आणि रबरी तळव्याच्या चपला अगदी काठापर्यंत पायांत ठेवाव्यात. श्रवणयंत्र काढून ठेवणाऱ्यांनी जीवरक्षकाला आधी सांगावे, म्हणजे तो नुसत्या शिट्टीवर विसंबणार नाही. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी उपवासाच्या दिवशी उपाशीपोटी पाण्यात उतरू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

आता घरच्यांसाठी थोडे. आपल्या आईने किंवा सासऱ्यांनी ‘आज राहू दे’ म्हटले की आपण त्यांच्या आरोग्याची चौकशी करता. त्याऐवजी ‘कशामुळे अडले?’ असे विचारून पाहा. उत्तर बहुधा इवलेसे असते: पिशवीची साखळी अडकते, पोशाख ओला झाला की एकट्याने उतरत नाही, रिक्षावाला जवळचे भाडे घेत नाही. जपून वागणारी मुले पुष्कळदा म्हणतात, ‘दमलात तर नका जाऊ.’ ही माया खरी असते. पण अशाने पंधरा दिवसांत सवय मोडते.

माझ्या नणंदेचे म्हणणे निराळे. ‘वहिनी, दादांना असे टाकून तुम्ही पोहायला जाता?’ त्यावर दादाच अडखळत्या शब्दांत म्हणाले, ‘तिला जाऊ दे. आली की चिडत नाही.’ आजारी माणसाला शुश्रूषा करणाऱ्याची चिडचिड सगळ्यांच्या आधी कळते.

रोज जाण्याचा हट्ट मी सोडला आहे. आठवड्याला निदान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. दोन दिवस पोहून माझी 90 मिनिटे होतात. उरलेली चालून भरते. हाडांच्या बळकटीसाठी पायांवर भार पडणेही आवश्यकच असते, आणि ते काम पाणी करत नाही.

त्या दोन दिवसांपुरती मावशींच्या नळाची चिंताही मिटली आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी शेजारचे काका पावणेनऊला वर्तमानपत्रातले शब्दकोडे घेऊन येतात. आडवे शब्द यजमानांचे, उभे काकांचे. परवा तलावातले पाणी फार गार होते, म्हणून मी लवकर परतले, तर दोघांनाही ते विशेष रुचले नाही.