घोडीला डाळ चारू नका

‘घोडी पाळून आयुष्याबद्दल काय शिकलात, तेवढं लिहा,’ असा संपादकबाईंचा निरोप आला. संयम, धाडस, मुक्या जिवाचा विश्वास असं काहीतरी त्यांना हवं असणार. मी भनपुरीत राहणारा जनावरांचा डॉक्टर, त्यातून घोड्यांचा. आणि वरातीच्या कामातून सुटलेल्या एका घोडीचा मालक. तिने मला शिकवलं ते एवढंच, की येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘तिला काही खायला घालू नका’ असं तोंडावर सांगावं. माणसं दुखावतात. दुखावू देत.

रायपूरहून बिलासपूरकडे निघालं की ट्रक, लाकडाच्या वखारी आणि कारखाने लागतात, ती भनपुरी. उरला-सिलतराकडच्या कारखान्यांची काजळी पांढऱ्या घोडीवर बसली की खराऱ्यानेसुद्धा लवकर निघत नाही. इथे घोडं म्हणजे वरातीची घोडी. चातुर्मासभर ती खुंट्याला रिकामी उभी असते आणि देवउठनी एकादशी झाली की तिला उसंत नसते.

गेल्या हंगामातली एक घोडी अजून माझ्या डोक्यातून जात नाही. नवरदेव घोडीवर चढताना घरातल्या बायका तिला भिजवलेली चणाडाळ चारतात, तो शकुन. एका घरी ओंजळ, दुसऱ्या घरी ओंजळ, मग हौसेने परातच पुढे आली. वर लाडू, पुऱ्या. दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन. घोडी पुढचे पाय पुढे टाकून, अंग मागे रेलून उभी आहे, जागची हलत नाही. ‘थकली असेल, डाक्टर साहब, ताकत की सुई लगा दो.’ ताकदीची सुई! या सुईच्या मागणीने माझी निम्मी हयात खाल्ली आहे.

थोडं शास्त्र सांगतो, कंटाळू नका. चारा आंबवण्याचं काम गाईच्या पोटात सुरुवातीलाच होतं, घोड्याच्या पोटात अगदी मागे, मोठ्या आतड्यात. घोड्याचं जठर देहाच्या मानाने लहान, 8 ते 15 लिटरचं, आणि त्याला उलटी करता येत नाही. एकदम गिळलेली डाळ लहान आतड्यात पुरती पचत नाही, तशीच मागे जाते. तिथे पिष्टावर जगणारे जिवाणू माजतात, लॅक्टिक आम्ल वाढतं, बाकीचे जिवाणू मरतात आणि त्यांचं विष रक्तात उतरतं. गंमत अशी, की पोटात बिघडलेल्याची शिक्षा खुरांना होते. खुरातलं हाड खुराच्या भिंतीला शेकडो नाजूक पापुद्र्यांनी टांगलेलं असतं. ते पापुद्रे सुटले की घोडीच्या स्वतःच्या वजनाने हाड खाली कलतं, कधी तळवा फोडून बाहेर येतं. हा लॅमिनायटिस. 1973 मध्ये अमेरिकेतल्या तिन्ही मानाच्या शर्यती जिंकलेल्या सेक्रेटेरिएटला 1989 मध्ये याच दुखण्यापायी मरण द्यावं लागलं. त्याला डॉक्टरांची वाण नव्हती.

आम्ही बर्फाच्या लाद्या आणवल्या आणि चारी खूर बर्फात ठेवले. घोडी वाचली, आणि याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. पण नवा खूर वरून जमिनीपर्यंत उतरायला नऊ महिने ते वर्ष लागतं. तेवढा काळ त्या घरात घोडीची कमाई नाही आणि खाणारं तोंड मात्र आहे.

हा हिशेब जुनाच आहे. मराठ्यांच्या फौजेत बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा आणी. शिलेदार ऐन लढाईत घोडा जपतो, हा त्याच्यावरचा जुना आरोप. जपेल नाहीतर काय? घोडा गेला की त्याची रोजी गेली. 1741 मध्ये भास्करपंतांबरोबर नागपूरकर भोसल्यांची फौज इथे रतनपुरावर आली, तिच्यातले शिलेदारही हाच हिशेब करत असणार. वरातीतले सगळे बारगीर असतात. तासाभराची घोडी, तिच्यावर प्रेम करायला काय जातं!

आता माझा आवडता वाद, तिवरा. विदर्भात या कडधान्याला लाखोळी म्हणतात. चणा महागला की चंदीत तिवरा मिसळला जातो. त्यात ओडॅप नावाचं विषारी द्रव्य असतं. महिनोन्‌महिने तिवऱ्यावरच जगलेल्या माणसांचे पाय त्याने लुळे पडलेले आहेत. म्हणून 1961 मध्ये अनेक राज्यांत त्याच्या विक्रीवर बंदी आली. पुढे इथल्याच इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ‘प्रतीक’ आणि ‘महातिवडा’ हे कमी विषाचे वाण काढले. ‘आम्ही तिवरा भाजी खातो, आम्हाला कुठे काय झालं?’ असं मला ऐकवतात. अहो, भाजी म्हणजे हिवाळ्यातला मूठभर पाला. घोडी रोज किलोंनी दाणे खाते आणि आज कोणता वाण आहे हे दुकानदाराला विचारत नाही. घोड्यात हे विष कंठाच्या नसेवर उतरतं. डावीकडची ती नस छातीत खाली जाऊन, महाधमनीला वळसा घालून पुन्हा मानेतून वर येते, म्हणजे घोड्यात ती चांगलीच लांब. ती गेली की धावताना श्वास घर्घर वाजतो. पण वरातीची घोडी धावतेच कुठे, आणि बँडपुढे ती घर्घर ऐकणार कोण? बरं, तिवऱ्याशिवायही ही नस निकामी होते, उंच घोड्यांत तर बरेचदा. त्यामुळे अमुक घोडी तिवऱ्यानेच बिघडली असं मी शपथेवर सांगू शकत नाही, आणि सहकारी माझी थट्टा करतात. करोत. माझ्या घोडीच्या तोबऱ्यात तिवऱ्याचा दाणा जात नाही.

तिला काय लागतं? साडेतीनशे किलोच्या घोडीला रोज सहा-सात किलो सुकं गवत, तेही दिवसभरात विभागून, आणि भरपूर पाणी. इथे फुकटात मिळतो तो पैरा, म्हणजे भाताचं तणस. त्यावरच ठेवली तर आतड्यात गोळा बसतो आणि पोटशूळ उठतो. चणा द्यायचा तर मोजून, आणि काम असेल त्या दिवशी.

तुळशीचं लग्न लागलं की तुमच्याही दारात घोडी येईल. शकुनाला डाळीचे चार दाणे पुरतात. परात मालकाच्या घरी पाठवा, तिथे पोरं आहेत. घोडीला बादलीभर पाणी द्या. आणि घोडी ठरवायला जाल तेव्हा तिच्या तोंडातली लगामाची कडी हाताने चाचपून बघा. काटेरी कडीला जनावरांच्या छळाविरुद्धच्या 1965 च्या नियमांपासून बंदी आहे. काटे लागले तर ती वरात पायी काढा.